पितळी वस्तू, नग एक

मी ट्रम्पेट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण एका दुकानाच्या वहीत माझी नोंद ‘पितळी वस्तू, नग एक’ अशी झाली आहे. पितळी वस्तू तर पातेलंही असतं. दाराची कडीही असते. लिहिणाऱ्याला माझं नाव ठाऊक नव्हतं, असंही नाही. त्याने माझ्या भोंग्यात बोट घालून पाहिलं, तिन्ही बटणं दाबून पाहिली, एकदा फुंकून स्वतःचेच गाल दुखवून घेतले, आणि मग मुद्दाम तसं लिहिलं. त्याच्याविषयी मला जे वाटतं त्याला मी मवाळ शब्द शोधणार नाही. उभ्या आयुष्यात मी हळू आवाजात कधी वाजलो नाही, आता तरी का बोलू?

माझा जन्म कारखान्यातला. पितळेचा पत्रा तापवून, ठोकून, वाकवून मला घडवलं. शेवटी एका कारागिराने माझ्या मधल्या बटणाच्या नळकांड्यावर पोलादी ठशांनी एकेक आकडा ठोकून नंबर उमटवला. तो ठोकताना म्हणाला, “हरवलास तर निदान तू कोण ते कळेल.” भाबडा माणूस. त्याला वाटलं, नंबर असला म्हणजे वाचणाराही असतोच.

मला विकत घेतलं ते एका मुलीच्या मामाने. ही मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणेन. दुकानदाराने पक्कं बिल केलं, त्यावर माझा नंबर लिहिला. मामा म्हणाला, “लहानपणी ही सायकलच्या पंपातूनसुद्धा सूर काढायची. म्हटलं, एकदा हातात खरं काहीतरी देऊ.”

ताई गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून सराव करायची. पहिल्या वर्षी आम्ही दोघं मिळून जे काही वाजवत होतो, त्याला संगीत म्हणणं धाडसाचं होतं. शेजारी धडाधड खिडक्या लावून घेत. पुढे तिचं नाव झालं तेव्हा हेच लोक पहिल्या रांगेत बसून “आमच्या डोळ्यांसमोर मोठी झाली” म्हणून सांगू लागले. डोळ्यांसमोर झाली असेल. कान तर बंदच होते.

मग ती गावच्या बँडमध्ये गेली. नगरपालिकेच्या सभागृहात संध्याकाळी सराव चाले. बँडचे मास्तर स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. मास्तरांना दम होता, बोटं होती, कानही होता. फक्त दुसऱ्याचं चांगलं ऐकलं की त्यांच्या पोटात दुखायचं. ताईचा सूर वर चढून स्थिर राहिला की ते हातातली काठी स्टँडवर आपटायचे. “पोरी, मुलींचा दम शेवटपर्यंत पुरत नाही. दुसरी ओळ वाजव तू.”

सभागृह झाडायला, खुर्च्या मांडायला एक मावशी होत्या. मागच्या दाराशी फरशी पुसता पुसता त्या सगळं ऐकायच्या. एकदा ताईला म्हणाल्या, “आज मधेच श्वास तुटला तुझा. जेवली नाहीस वाटतं?” खरंच जेवली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मावशींच्या डब्यातली अर्धी पोळी ताईच्या वाट्याला येऊ लागली.

त्या वर्षी रेल्वेच्या बँडमध्ये एक जागा निघाली. कायमची नोकरी, गणवेश, आणि दिवसभर वाजवण्याचंच काम. तरुणपणी मास्तरांनी त्याच बँडसाठी परीक्षा दिली होती आणि त्यांना परत पाठवलं होतं. ताईने अर्ज भरला. तिने तो आनंदाने सगळ्यांना दाखवला, मास्तरांनाही. मास्तर म्हणाले, “वा! छान!” इतकं कोरडं ‘वा’ मी आजवर ऐकलेलं नाही.

वाद्यं सभागृहातल्या कपाटात असत. किल्ल्या दोन, एक मास्तरांकडे, एक मावशींकडे. परीक्षेला थोडे दिवस उरले असताना, एका रिकाम्या दुपारी मास्तरांनी कपाट उघडलं. माझी पेटी जागच्या जागी ठेवली, मला तेवढं उचललं आणि टॉवेलात गुंडाळलं. अंघोळीला निघाल्यासारखे बाहेर पडले आणि दुचाकीवर बसले. ज्या हाताने चाळीस माणसांना ताल दाखवायचा, त्या हाताने मला काखेत दाबून धरलं होतं. घामेजलेली काख होती. एवढंच सांगतो.

आधी ते एका लहान दुकानात गेले. तिथे जुन्या वस्तू घेणारी एक म्हातारी बसली होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने मला उलटंपालटं केलं आणि हात पुढे केला.

“ओळखपत्र.”

“अहो आजी, वाद्य आहे ते. बंदूक नाही.”

“बंदूक असती तर तुला पायरीच चढू दिली नसती. कार्ड दाखव, सही कर, अंगठा दे. नंबर मी उतरवून घेते. आणि लगेच विकणार नाही हं मी हे. मुदत संपेपर्यंत असंच ठेवायचं असतं. पोलिसांकडे यादी जाते.”

मास्तरांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे तुम्ही मला चोर समजता?”

“मी कुणालाच काही समजत नाही,” म्हातारी म्हणाली. “म्हणून तर लिहून घेते.”

मास्तरांनी मला पुन्हा टॉवेलात कोंबलं. कार्ड घरी विसरलो, म्हणाले. त्या दुकानात त्यांच्याशिवाय एकही गिऱ्हाईक नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मला तेव्हाच कळलं. माणसांना वही उघडलेली आवडत नाही. आपलं नाव विचारलं की अपमान वाटतो. दुसऱ्याचं विचारलं की मात्र ती सावधगिरी असते.

तिथून आम्ही शेठच्या दुकानात आलो. गहाणवट आणि जुन्या सामानाचं मोठं दुकान. भिंतीवर नियमांची पाटी होती, कारण ती लावावीच लागते. विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, वस्तूचे पूर्ण वर्णन व नंबर लिहावा, ठरलेल्या मुदतीपर्यंत वस्तू विकू नये, नंबर खोडलेली वस्तू घेऊ नये व ठेवू नये. सगळं ठळक अक्षरांत. त्या पाटीपुढे शेठने विकायला काढलेला उभा पंखा ठेवला होता, आणि पंख्यावर तीन जुने कोट टांगले होते.

शेठला एक विद्या उत्तम येत होती. कुठला प्रश्न विचारायचा नाही, हे त्याला अचूक कळायचं. “कुठून आणलंत?” हे तो विचारत नसे, कारण उत्तर कळलं तर भाव पाडता येत नाही. त्याने वही ओढली.

“नाव सांगा काहीतरी,” तो म्हणाला.

काहीतरी! मास्तरांनी काहीतरी सांगितलं. शेठने काहीतरी लिहिलं. पत्त्याच्या जागी ‘बाजारपेठ’ लिहिलं. आणि मग मघाशी सांगितलेली ती पितळी वस्तू.

आतल्या बाजूला शेठची सून जुन्या इस्त्र्या पुसत बसली होती. ती पुढे आली, माझ्यावर वाकली. “बाबा, याच्यावर नंबर आहे. वहीत लिहू का?”

“तुला कुणी विचारलं? चहा टाक जा.”

ती गेली. जाताना तिने मास्तरांच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते.

अशा दुकानात राहणं म्हणजे काय, हे घरात राहणाऱ्यांना कळणार नाही. माझ्या डाव्या हाताला कुणाची तरी शिवणयंत्राची मूठ, उजव्या हाताला कुणाच्या तरी मुलाची चाकांची खुर्ची. चाकांची खुर्ची कुणी हौसेने विकायला आणत नाही. पण वहीत तीही ‘खुर्ची, नग एक’ होती.

वही तपासायला हवालदार यायचा. बसायचा, पाय पसरायचा. “काय विशेष?” “काही नाही साहेब.” तेवढ्यात चहा यायचा. शेठ निरोप देताना हात मिळवायचा, आणि त्या हातात काहीतरी असायचं. मग हवालदार पान न वाचता ‘तपासले’ असं लिहून सही ठोकायचा. एकदा त्याला उकडत होतं. त्याने टोपी काढली आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून माझ्या भोंग्यावर अडकवली. त्याच वेळी ताईची तक्रार त्याच्याच चौकीत पडून होती, त्यात माझा नंबर होता. आणि हा गृहस्थ माझ्या डोक्यावर टोपी ठेवून बशीत चहा ओतत होता. त्याचे डोळे चांगले होते. त्यांच्यावर कातडं तेवढं जाड होतं.

मग ताई आली. हातात बिल घेऊन ती दुकानामागून दुकान पालथं घालत होती. तिचा आवाज ऐकताच शेठने गल्ल्याजवळचं फडकं माझ्यावर टाकलं.

“काका, ट्रम्पेट आलाय का हो कुणाकडून? नंबर सांगते.”

“नंबरबिंबर आम्ही कुठे बघतो पोरी? असलं काही येत नाही आपल्याकडे.”

“कडेला थोडा चेपलाय. माझ्याच हातून पडला होता. परवा माझी परीक्षा आहे, काका.”

“आलं तर सांगतो ना. काळजी करू नकोस.”

किती मायेने म्हणाला! मी फडक्याखाली तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझ्यात कुणी नुसता श्वास सोडला असता तरी पुरे झालं असतं. पण वाद्याला स्वतःचा श्वास नसतो. ताई “बरं” म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. रेल्वेची परीक्षा तिच्याशिवाय झाली. उसन्या वाद्यावर देईन म्हणाली होती, पण मास्तरांनी बँडचा दुसरा ट्रम्पेट नेमका त्याच आठवड्यात दुरुस्तीला धाडला होता.

पुढच्या खेपेला मास्तर शेठकडे आले ते खुशीत होते. स्टुलावर बसून त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. कपाटाच्या किल्ल्या दोनच, त्यामुळे संशय आपोआप मावशींवर गेला होता. सगळ्या बँडसमोर मावशींची पिशवी उलटी करून पाहिली होती. डबा, कंगवा, गोळ्यांची पट्टी, घरच्या चपला. नगरपालिकेने त्यांना कामावरून काढलं.

“बाईवर आलं ते बरंच झालं,” मास्तर म्हणाले. “तशीही म्हातारी झाली होती.”

शेठ हसला. मी विचार करत होतो की त्या पिशवीत मी मावणार तरी कसा होतो? चाळीस माणसं उभी होती तिथे. वाद्य केवढं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण झाडू मारणाऱ्या बाईवर आळ आला की माणसं आपली अक्कल बिनव्याजी गहाण ठेवतात.

सूनबाई कपबशा उचलायला आली होती. “कोण मावशी?” तिने विचारलं. शेठने रिकामी बशी तिच्यापुढे सरकवली.

त्यानंतर चौकीत नव्या फौजदार बाई आल्या आणि त्यांनी हुकूम काढला. दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो, नंबर आणि विकणाऱ्याची ओळख, सगळं कळवायचं. तपासणीला त्या स्वतः येणार. बाजारातले चार दुकानदार शेठकडे जमले आणि गळा काढू लागले. “आपण धंदा करायचा की लोकांच्या कुंडल्या मांडायच्या?” “उद्या म्हणतील, चमच्यांचेही फोटो काढा.” “गिऱ्हाईक पळून जाईल.” कुठलं गिऱ्हाईक पळेल, हे मात्र कुणी बोलेना. कार्ड दाखवायला घाबरणाऱ्या गिऱ्हाइकावरच ज्यांची चूल पेटते, त्यांनी स्वतःला व्यापारी म्हणावं का, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोडतो. ते तो सोडवणार नाहीत.

ते गेल्यावर शेठने कानस काढली.

मला मांडीवर दाबून तो माझा नंबर घासू लागला. ठोकताना जे आकडे माझ्या अंगात मुरले होते, ते भुकटी होऊन त्याच्या मळक्या पायजम्यावर पडत होते. सूनबाई धावत आली.

“बाबा, हे करू नका! नंबर खोडलेली वस्तू दुकानात ठेवणं हाच गुन्हा आहे. पाटीवर लिहिलंय.”

“पाट्या वाचायला वेळ बरा मिळतो तुला!”

“वाचायला वेळ लागत नाही, बाबा. पंखा हलवायला लागतो.”

शेठने कानस तिच्याकडे रोखली. आणखी चार हात मारले आणि कंटाळला. शेवटचे दोन आकडे अर्धवट राहिले. कष्टाचा एवढा कंटाळा की धड लबाडीही पुरी करवेना.

फौजदार बाई आल्या त्या दुपारी. चहा नको म्हणाल्या. आधी तीन कोट उतरवले, पंखा बाजूला सरकवला, पाटी पूर्ण वाचली, आणि मग वही मागितली. पानं उलटत त्या सामानावरून नजर फिरवत होत्या. माझ्यापाशी थांबल्या.

“हे काय आहे?”

“पितळी वस्तू, बाईसाहेब.”

“मला ट्रम्पेट दिसतोय. तुम्हाला काय दिसतंय?”

त्यांनी मला उचललं, आणि त्यांचा अंगठा मधल्या नळकांड्यावरच्या खरबरीत जागेवर थांबला. उरलेले दोन आकडे त्यांनी खिशातल्या कागदाशी ताडून पाहिले. मग कडेचा चेपलेला भाग पाहिला. त्यांच्या हातातला कागद ताईच्या तक्रारीचा होता. चौकीत धूळ खात पडलेला, त्यांनी शोधून काढलेला.

“कुणाकडून घेतलात?”

“वहीत आहे ना.”

“वहीत नाव आहे आणि बाजारपेठ आहे. बाजारपेठेत कुठे? दिसायला कसा? कार्ड?”

“असेच एक गृहस्थ होते...”

“म्हणजे विकणारा कुणी नाहीच. वस्तू तुमच्याकडे, नंबर तुम्ही खोडलेला. मग हा तुम्हीच चोरलात, असं मी धरून चालते.”

शेठचा रंग उडाला. ज्या नियमाला तो इतकी वर्षं शिव्या देत होता, तो पाळला असता तर आज त्याच्याजवळ चोराची सही असती. आता त्याच्याजवळ फक्त स्वतःचं अक्षर होतं. तो ओरडला, “मास्तर! बँडचे मास्तर आले होते हो! त्यांनीच आणला!”

“वहीत तर दुसरंच नाव आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या तोंडावर विश्वास ठेवू की तुमच्या अक्षरावर?”

शेठ खुर्चीत बसला. तेव्हा सूनबाई पुढे आली. सासऱ्याच्या दुकानात, सासऱ्यासमोर, पोलिसाला सांगायचं होतं.

“मास्तरच आले होते. दोनदा. मी पाहिलंय. दुसऱ्यांदा हसून सांगत होते, की आळ झाडलोटीच्या बाईवर गेला. मी लिहून द्यायला तयार आहे. खरं नाव, खरा पत्ता.”

जिला चहा टाकायला धाडायचा, तिच्या एका जबानीमुळे शेठची चोरीच्या मुख्य आरोपातून सुटका झाली. त्याने तिचे आभार मानले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही असल्या माणसांना ओळखत नाही. “घरचं मीठ खाऊन...” एवढं पुटपुटला तो. वाक्य पुरं करायचीही त्याची हिंमत नव्हती.

मास्तरांना बोलावलं. आधी म्हणाले, मी हे दुकान पाहिलेलंच नाही. मग सूनबाई समोर आली. तेव्हा म्हणाले, “ठेवायला दिला होता. सोडवून परत आणणारच होतो. जरा गंमत केली पोरीची.” त्या गमतीत एकीची नोकरी हुकली आणि एकीची गेली. मास्तरांवर खटला भरला. शेठचा परवाना रोखला. हवालदाराचं काहीच झालं नाही. त्याची टोपी आता दुसऱ्या कशावर तरी अडकत असेल.

खटल्यात हजर करीन असं लिहून देऊन ताईने मला घरी नेलं. चौकीत मला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘ट्रम्पेट, तीन बटणांचा, डाव्या कडेला चेपलेला, नंबर खरवडलेला, शेवटचे दोन आकडे वाचता येतात.’ खोटं नाही सांगत, ते वाचून बरं वाटलं.

ताई मला पेटीत घेऊनच मावशींकडे गेली. मावशी आता एका खानावळीत भांडी घासत होत्या. ताई रडत म्हणाली, “मावशी, सापडला. मास्तरांनी नेला होता. तुम्ही नाही.”

मावशींनी ओले हात पुसले. “मी नाही, हे मला ठाऊकच होतं की. मला कशाला सांगायला आलीस? पिशवी उलटी केली तेव्हा तूही तिथे उभी होतीस. बोललीस का काही?”

मी तिच्यावर जीव टाकतो, तरी त्या क्षणी तिची बाजू घेऊ शकलो नाही.

“ज्यांच्यासमोर ते झालं,” मावशी म्हणाल्या, “त्यांच्यासमोर सांग.”

ताईने सांगितलं. सभागृहात, सगळा बँड जमवून, मावशींना पुढे बसवून. आपण गप्प राहिलो तेही सांगितलं. क्लॅरिनेटवाला बुटाची नाडी बांधू लागला. बाकीच्यांना एकदम आपापली वाद्यं पुसायची आठवण झाली. मावशी उठल्या.

“पिशवी कुणी उलटी केली होती?”

ढोलवाल्याने हात वर केला. मावशींनी खांद्यावरची पिशवी काढली आणि स्वतःच जमिनीवर उलटी केली. डबा लोळत गेला. कंगवा, गोळ्या, किल्ली, एक केळं.

“उचल,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मी एकटीने उचललं होतं, आणि तुम्ही सगळे बघत होता.”

तो गुडघ्यावर बसला. डबा खुर्च्यांखालून काढून आणला. एकेक वस्तू पिशवीत ठेवली. सभागृहात चाळीस माणसं होती आणि आवाज फक्त डब्याच्या झाकणाचा. मावशींनी पिशवी घेतली, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. कामावर परत या, असं नगरपालिकेने नंतर कळवलं. त्या गेल्या नाहीत.

सध्या मी ताईच्या खोलीत असतो. गच्चीवर सराव पुन्हा सुरू झालाय, रेल्वेत पुन्हा जागा निघेल म्हणतात. शेजारी पुन्हा खिडक्या लावतात. लावू देत.

तुमच्याशी माझं एकच बोलणं आहे. कधी घरातला जुना पंखा नाहीतर मोबाईल विकायला जाल. काउंटरवरची म्हातारी चष्मा चढवून कार्ड मागेल, नंबर वाचून वाचून सावकाश लिहील, अंगठा द्या म्हणेल. तेव्हा नाक मुरडू नका. “मी काय चोर दिसतो का?” असं तर मुळीच म्हणू नका. त्या वहीसाठी सगळ्यांना सारखंच विचारतात, तुम्हालाही आणि मास्तरांनाही. अपमान वाटलाच, तर मावशींना आठवा. त्यांना कुणी ओळखपत्र मागितलं नव्हतं, सरळ पिशवीच उलटी केली होती.